पाठ झालेला चित्रपट नव्याने पाहताना: कल्ट सिनेमातील राजकारण ओळखण्याची एक पद्धत

'मारुती कांबळेचं काय झालं?' हा प्रश्न ज्यांनी 'सामना' हा चित्रपट कधीच पाहिलेला नाही त्यांच्याही तोंडी असतो. अग्रलेखांत तो येतो, राजकीय भाषणांत येतो, एखादे प्रकरण दडपले जात असल्याचा संशय आला की चहाच्या टपरीवरही येतो. 'धनंजय माने इथेच राहतात का?' हे वाक्य तर कोणत्याही मराठी घराच्या दारात उच्चारले तरी आतून हसू ऐकू येते, मग ते घर कोल्हापुरात असो की परदेशातील एखाद्या महाराष्ट्र मंडळाच्या सभासदाचे असो. चित्रपट पडद्यावरून उतरल्यानंतरही प्रेक्षकांनी तो स्वतःजवळ ठेवला, त्याची वाक्ये रोजच्या बोलण्यात आणली आणि पुढच्या पिढीच्या हाती दिली, की तो कल्ट चित्रपट होतो. हे काम निर्माता किंवा दिग्दर्शक करू शकत नाही, ते प्रेक्षकच करतो. म्हणूनच अशा चित्रपटाचे राजकारण दोन ठिकाणी शोधावे लागते. एक, तो ज्या काळात तयार झाला त्या काळात. आणि दुसरे, प्रेक्षकांनी त्यातले काय जपले आणि काय गाळले यात. या दुसऱ्या ठिकाणाकडे फार थोडे लोक पाहतात, आणि माझ्या मते खरे काम तिथेच आहे.

ज्यांना या अभ्यासाची सुरुवात करायची आहे, पण चित्रपटशास्त्राची पदवी किंवा परिभाषा ज्यांच्याजवळ नाही, त्यांच्यासाठी पुढील पायऱ्या आहेत. उदाहरणे मुद्दाम जवळची घेतली आहेत: 'अशी ही बनवाबनवी', 'जाने भी दो यारो', 'सिंहासन' आणि 'सामना'. पहिले दोन आधी पाहावेत, पुढचे दोन नंतर.

पहिली पायरी: सलग आणि पूर्ण पाहा

कल्ट चित्रपटांची मोठी अडचण अशी की ते आपण पाहिलेले असतात असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात आपण त्यांचे तुकडे पाहिलेले असतात. दूरचित्रवाणीवर मध्येच लागलेला अर्धा भाग, मोबाइलवर फिरणारी दोन मिनिटांची चित्रफीत, मित्रांनी केलेली नक्कल, या सगळ्यांतून एक चित्रपट मनात तयार होतो आणि तो मूळ चित्रपटापेक्षा वेगळा असतो. म्हणून पहिल्या वेळी वही-पेन दूर ठेवून, श्रेयनामावलीच्या आधी दिसणाऱ्या सेन्सॉरच्या प्रमाणपत्रापासून शेवटच्या चौकटीपर्यंत चित्रपट एका बैठकीत पाहावा. दूरचित्रवाणीसाठी कापलेली आवृत्ती टाळावी. 'जाने भी दो यारो'ची डागडुजी केलेली प्रत 2012 साली चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाली होती. जिथे अशी प्रत मिळू शकते तिथे धूसर प्रतीवर समाधान मानू नये, कारण भिंतीवरची भित्तिपत्रके, दुकानांच्या पाट्या आणि टेबलावरची वर्तमानपत्रे वाचता येणे पुढच्या पायऱ्यांसाठी आवश्यक आहे.

पाहून झाल्यावर एकच गोष्ट लिहून काढावी: आधी आठवणीत असलेल्या चित्रपटात नसलेले असे आज काय दिसले? ही टिपणे जपून ठेवावीत, ती चौथ्या पायरीवर लागतील.

दुसरी पायरी: वर्ष पकडा

कोणत्याही चित्रपटाचे प्रदर्शनवर्ष शोधणे सोपे असते. त्या वर्षी, आणि त्याहीपेक्षा त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत, शहरात आणि राज्यात काय चालले होते हे पाहणे अधिक महत्त्वाचे. चित्रपट लिहिला जातो तो आधीच्या वर्षांत, त्यामुळे लेखकाच्या कानांवर पडणाऱ्या बातम्याही तेव्हाच्याच असतात.

'जाने भी दो यारो' ऑगस्ट 1983 मध्ये प्रदर्शित झाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेल्या कुंदन शहा यांचा हा पहिला कथापट. विनोद आणि सुधीर हे दोन होतकरू छायाचित्रकार, तरनेजा आणि आहुजा हे दोन प्रतिस्पर्धी बिल्डर, आणि पुलांची कंत्राटे कोणाला द्यायची हे ठरवणारा महापालिका आयुक्त डिमेलो, अशी ही मांडणी आहे. आता त्याच्या आधीची मुंबई पाहा. सिमेंट तेव्हा सरकारी नियंत्रणाखाली होते; ते परवान्यावर मिळे, आणि परवाना मिळवणे हीच बांधकाम व्यवसायातील खरी शक्ती होती. 1981 साली मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्यावर, बिल्डरांना सिमेंटचा जादा कोटा देऊन त्या बदल्यात आपल्या प्रतिष्ठानांसाठी देणग्या घेतल्याचा आरोप 'इंडियन एक्सप्रेस'ने केला. जानेवारी 1982 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारने सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठवले. त्याच जानेवारीत, 18 तारखेला, दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि गिरण्यांच्या जमिनींचे पुढे काय होणार हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला.

या पार्श्वभूमीवर चित्रपट पुन्हा पाहिला की त्यातील कोसळणारा पूल हा निव्वळ विनोदी प्रसंग उरत नाही. 1983 सालच्या मुंबईकर प्रेक्षकाला सिमेंट, बिल्डर आणि आयुक्त हे तीन शब्द एकत्र ऐकून काय आठवत असेल याची कल्पना करता येते. शेवटी पूल पडल्याचे खापर विनोद आणि सुधीर यांच्या माथी फुटते, आणि ज्यांनी तो बांधला ते सगळे एकमेकांशी समझोता करून मोकळे होतात. कैद्यांच्या वेशात हे दोघे मुंबईच्या रस्त्यावरून चालतात, पार्श्वभूमीला 'हम होंगे कामयाब' वाजते, आणि ते आपल्याकडे पाहून गळा चिरल्याची खूण करतात. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी म्हटले जाणारे हे आशेचे गीत ज्या ठिकाणी आणि ज्या चेहऱ्यांवर वापरले आहे, ते पाहिल्यावर या चित्रपटाला 'हलकाफुलका' म्हणणे मला शक्य होत नाही.

वर्ष पकडण्यासाठी मोठ्या ग्रंथालयातील जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली हे सर्वोत्तम साधन आहे. प्रदर्शनाच्या आधीच्या दोन वर्षांतील कोणत्याही एका महिन्याचे अंक चाळले तरी पुरे. पहिल्या पानापेक्षा आतल्या पानांवरच्या जाहिराती, भावांची यादी, भाड्याच्या घरांच्या छोट्या जाहिराती अधिक सांगून जातात.

तिसरी पायरी: पैसा कोणाचा आणि कात्री कोणाची

हे दोन प्रश्न प्रत्येक चित्रपटाला विचारावेत. 'जाने भी दो यारो'ला पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने दिला होता, आणि ती रक्कम सात लाख रुपयांच्या आतबाहेर होती. सरकारी संस्थेच्या पैशातून सरकारी यंत्रणेवर इतकी कठोर टीका होऊ शकली ही त्या काळाची एक नोंद घेण्याजोगी बाजू आहे. कमी पैशामुळे चित्रपट मित्रांच्या बळावर उभा राहिला: दोन्ही नायकांची नावे विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा अशी आहेत ती त्या चित्रपटासाठी राबलेल्या विधू विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा या सहकाऱ्यांवरून घेतलेली.

'सामना'ची निर्मिती कवी रामदास फुटाणे यांची, तर 'अशी ही बनवाबनवी'ची किरण शांताराम यांची. एकाच्या मागे साहित्यिक वर्तुळ आहे, दुसऱ्याच्या मागे व्ही. शांताराम यांच्या चित्रसंस्थेची परंपरा. पैसा कोठून आला यावरून चित्रपट काय बोलू शकेल हे पूर्णपणे ठरत नाही, परंतु तो कोणासमोर बोलू इच्छितो हे पुष्कळदा कळते.

कात्रीचा इतिहास समजून घेण्यासाठी 'किस्सा कुर्सी का' हे एक उदाहरण लक्षात ठेवावे. अमृत नाहटा यांच्या या राजकीय उपहासपटाच्या प्रती आणि मूळ निगेटिव्ह आणीबाणीत नष्ट करण्यात आल्या, आणि तो नव्याने चित्रित करून 1978 साली प्रेक्षकांसमोर आणावा लागला. 'सामना' 1975 साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये आणीबाणी आली. 'सिंहासन' आणीबाणी उठल्यानंतर, 1979 साली आला. दिग्दर्शक जब्बार पटेल आणि लेखक विजय तेंडुलकर या एकाच जोडीच्या या दोन चित्रपटांमध्ये हा कालखंड उभा आहे. पहिल्यात एक म्हातारा मास्तर सत्ताधाऱ्याला प्रश्न विचारत राहतो आणि त्या प्रश्नाला वजन असते. दुसऱ्यात सगळ्यांना सगळे ठाऊक आहे आणि तरीही काही बदलत नाही. हा फरक दोघांच्या कथानकांमुळे आहेच, परंतु मधल्या वर्षांनी दिलेला अनुभवही त्यात उतरला आहे असे मला वाटते.

चौथी पायरी: जपलेले आणि गाळलेले

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. एका कागदाच्या डाव्या बाजूला चित्रपटातील जी वाक्ये, प्रसंग आणि गाणी लोकांच्या तोंडी आहेत ती लिहावीत. उजव्या बाजूला, पहिल्या पायरीवरच्या टिपणांच्या आधारे, तितकेच महत्त्वाचे असूनही कोणी आठवत नाही असे प्रसंग लिहावेत. मग दोन्ही रकाने शेजारी ठेवून विचार करावा.

'अशी ही बनवाबनवी' घेऊ. सप्टेंबर 1988 मध्ये प्रदर्शित झालेला, सचिन पिळगांवकर दिग्दर्शित आणि वसंत सबनीस लिखित हा चित्रपट पहिल्यापासून लोकप्रिय होता आणि आजही आहे. डाव्या रकान्यात लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती, अशोक सराफ यांचा धनंजय माने आणि त्यांची असंख्य वाक्ये येतील. उजव्या रकान्यात काय येते? चार तरुणांना पुण्यात राहायला जागा मिळत नाही, ही साधी गोष्ट. विश्वास सरपोतदार त्यांना बाहेर काढतो, आणि लीलाबाई काळभोर यांच्या बंगल्यात फक्त विवाहित जोडप्यांनाच प्रवेश आहे. सारी बनवाबनवी येथून सुरू होते. 1947च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, घरमालकांना भाडेकरू ठेवणे नकोसे झाले, आणि कामासाठी शहरात येणाऱ्या अविवाहित तरुणाला खोली मिळणे दुरापास्त होत गेले. तो ताण या हसण्याच्या तळाशी आहे. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जी यांच्या 1966 सालच्या 'बीवी और मकान'ची, आणि त्याच्याही मागे एक बंगाली चित्रपट आहे. कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत ही कथा सहज रुजली, कारण जागेची अडचण सगळीकडेच खरी होती.

आता आणखी खाली उतरावे. माने, सरपोतदार, काळभोर ही आडनावे मराठी कान ऐकताक्षणी कोठे तरी बसवतो. प्रत्यक्षात भाड्याचे घर शोधणाऱ्याला आडनाव, आणि आडनावावरून न कळल्यास गाव आणि खाणेपिणे, विचारले जाते. अनेक दलित आणि मुसलमान कुटुंबांसाठी शोध तिथेच संपतो. चित्रपटात हा प्रश्न कोणीच विचारत नाही. लग्न झाले आहे की नाही एवढीच अट आहे. असे असल्यामुळे चित्रपट वाईट ठरत नाही, मला तो अतिशय प्रिय आहे. परंतु ज्या हास्यात आपण सगळे सामील होतो ते सर्वांचे हास्य वाटावे यासाठी कोणता प्रश्न बाहेर ठेवावा लागला, हे पाहणे म्हणजेच त्याच्या सांस्कृतिक अंतःप्रवाहाकडे पाहणे.

स्त्रीवेषाची बाजूही अशीच आहे. बालगंधर्वांच्या रूपावर महाराष्ट्राने जीव ओवाळून टाकला, तमाशातील नाच्यावर हसला, आणि घर मिळावे म्हणून दोघा तरुणांनी घेतलेल्या पार्वती व सुधा या सोंगांत या दोन्ही परंपरा एकत्र येतात: सचिन यांची सुधा पहिलीकडे झुकते, बेर्डे यांची पार्वती दुसरीकडे. वसंत सबनीस यांना ही जाण वरून आलेली नव्हती. 'विच्छा माझी पुरी करा' या वगाचे आणि दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'चे लेखक तेच होते; राजाला, शिपायाला आणि सरकारी थाटाला नाचवत टोला देण्याची लोकनाट्याची रीत त्यांच्या हातात मुरलेली होती. उजव्या रकान्यात आणखी एक नोंद हवी: धनंजय माने जिथे नोकरी करतो त्या दुकानाची मालकीण माधुरी आहे. 1988 साली एका लोकप्रिय मराठी विनोदी चित्रपटात नायक नोकर आणि नायिका मालक आहे, आणि त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही. हे आपल्या आठवणीतून कसे गळाले?

'जाने भी दो यारो'च्या बाबतीत हाच प्रयोग केला तर डाव्या रकान्यात रंगमंचावरचे महाभारत येते, ज्यात डिमेलोचे प्रेत द्रौपदी होऊन उभे असते आणि वस्त्रहरणाचा बोजवारा उडतो. उजव्या रकान्यात भक्ती बर्वे यांची संपादिका शोभा येते. 'खबरदार' नावाचे नियतकालिक चालवणारी ही बाई भ्रष्टाचार उघड करण्याच्या नावाखाली पुराव्यांचा सौदा करू पाहते. बिल्डर आणि अधिकारी यांच्यावरचे विनोद आपण जपले, वृत्तपत्रावरचा आरोप मात्र सोयीस्करपणे मागे टाकला.

'सामना'तील प्रश्न म्हणीइतका रूढ झाला, पण मारुती कांबळे कोण होता हे विचारले तर उत्तर देणारे थोडे निघतात. निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील आणि श्रीराम लागू यांचा मास्तर यांच्या जुगलबंदीचे कौतुक करताना कांबळे हे आडनाव पुन्हा एकदा नुसत्या प्रश्नाचा भाग होऊन राहते. ज्या सहकारी साखर कारखानदारीने, 1950 साली प्रवरानगरात झालेल्या सुरुवातीपासून, ग्रामीण महाराष्ट्र खरोखर बदलून टाकला, तिच्याच आधाराने गावोगावी एकहाती सत्ताही उभी राहिली, आणि त्या सत्तेची किंमत कोणी दिली हे तो प्रश्न विचारतो. तो कोणत्याही प्रकरणाला चिकटवता येतो म्हणून टिकला, आणि चिकटवता येतो म्हणूनच त्याचे मूळ टोक बोथट झाले.

पाचवी पायरी: पुराव्याची अट

इथपर्यंत आलेल्या नवख्या अभ्यासकाला सगळीकडे गुप्त अर्थ दिसू लागतात. त्यावर एक बंधन घालून घ्यावे. कोणतेही राजकीय वाचन मांडताना पडद्यावरचा एक ठोस तपशील, त्या काळातील एक पडताळता येणारी घटना आणि प्रेक्षकांच्या वापरातले एक उदाहरण, या तिन्हींपैकी किमान दोन हाताशी असावेत. एकच असेल तर ती शंका म्हणून लिहावी, निष्कर्ष म्हणून नव्हे.

पात्रांच्या जागी खऱ्या नेत्यांची नावे घालण्याचा मोह विशेष आवरावा. 'सिंहासन' पाहताना अनेकांना जुलै 1978 मध्ये वसंतदादा पाटील यांचे सरकार पाडून शरद पवार मुख्यमंत्री झाले ती घटना आठवते, आणि 1979 सालच्या प्रेक्षकालाही ती आठवली असणारच. परंतु चित्रपट अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला आहे आणि त्या दोन्ही या सत्तांतरापूर्वीच्या आहेत. म्हणजे घटनेवरून कथा घडलेली नाही. मंत्रिमंडळातील अर्थमंत्रीच मुख्यमंत्र्याची खुर्ची खेचू पाहतो, ही शक्यता राजकारणाच्या रचनेतच आहे हे एका पत्रकार-कादंबरीकाराने आधी ओळखले, आणि नंतर वास्तवाने तिला दुजोरा दिला. कोण कोणावर बेतला आहे या चर्चेपेक्षा हे वाचन कितीतरी अधिक देऊन जाते. निळू फुले यांनी रंगवलेला पत्रकार दिगू टिपणीस या दृष्टीने पाहावा: त्याच्याजवळ सर्व बातम्या आहेत, आणि अखेरीस त्या बातम्यांचा भार त्याच्याच मनाला पेलत नाही. शोभा आणि दिगू या दोन पत्रकारांना एकाच आठवड्यात पाहिल्यास चार वर्षांच्या अंतराने वृत्तपत्रांकडे दोन चित्रपटांनी किती वेगळ्या नजरेने पाहिले हे स्पष्ट होते.

चित्रपटाच्या नंतरच्या आयुष्यातील घटनाही पुरावाच असतात. 2015 साली फिल्म इन्स्टिट्यूटच्या अध्यक्षपदी अभिनेते गजेंद्र चौहान यांची नेमणूक झाल्यावर विद्यार्थ्यांनी दीर्घ संप केला, आणि त्याच वर्षी कुंदन शहा यांनी 'जाने भी दो यारो'साठी मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार परत केला. त्यानंतर हा चित्रपट पाहणाऱ्याला तो केवळ 1983 सालचा राहत नाही.

सहावी पायरी: इतरांबरोबर पाहा

एकट्याने पाहून कल्ट चित्रपट अर्धाच कळतो. कोणत्या प्रसंगी सभागृह हसते, कोणत्या वेळी केवळ स्त्रिया हसत नाहीत, कोणते वाक्य पात्राच्या आधी प्रेक्षक म्हणतात, हे सभागृहातच दिसते. मुंबईत 1968 पासून चालत आलेले प्रभात चित्र मंडळ आणि पुण्यातील आशय यांसारख्या फिल्म सोसायट्यांचे सभासदत्व घ्यावे. 'वास्तव रूपवाणी' हे प्रभातचे नियतकालिक मराठीत गंभीर चित्रपटलेखन कसे असते ते दाखवते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 साली स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी ते घडवले. तिथले ग्रंथालय, जुन्या पुस्तिका आणि प्रसिद्धिपत्रके अभ्यासकाला फार उपयोगी पडतात. ज्यांच्या गावात फिल्म सोसायटी नाही त्यांनी घरात तीन पिढ्यांना एकत्र बसवून 'अशी ही बनवाबनवी' लावावा आणि नंतर आजोबांना किंवा आजींना त्यांनी शहरात पहिली खोली कशी मिळवली ते विचारावे. त्या उत्तराची नोंद चौथ्या पायरीच्या उजव्या रकान्यात जाते.

हे चारही चित्रपट या रीतीने पाहून झाल्यावर 'घाशीराम कोतवाल' आणि 'ओम दर-ब-दर' यांच्याकडे वळावे. पहिला 1976 साली फिल्म इन्स्टिट्यूटच्या माजी विद्यार्थ्यांनी युक्त या सहकारी संस्थेच्या नावाने, तेंडुलकर यांच्या नाटकाच्या आधारे केला. कमल स्वरूप यांचा दुसरा 1988 साली पूर्ण झाला आणि चित्रपटगृहात यायला त्याला जानेवारी 2014 उजाडले. मधली पंचवीस वर्षे तो हातोहात फिरणाऱ्या धूसर प्रतींवरच जगला. त्यात सरळ कथानक शोधू नये. तिथे वर्ष पकडण्याची दुसरी पायरी आधी करावी आणि पहिली नंतर, कारण जाहिराती, पुराणकथा, विज्ञानाची पाठ्यपुस्तके आणि लहान शहरातील पौगंडावस्था यांची सरमिसळ नेमकी कोणत्या भारतातून आली हे आधी ठाऊक असेल तर पहिल्या अर्ध्या तासात उठून जाण्याची इच्छा होत नाही.